जन्मगावाची रांग

अमेरिकेहून परत आलेल्या माणसाला मिरजेत पहिला प्रश्न विचारतात तो नायगाऱ्याचा. दुसरा, तिकडे थंडी किती होती, हा. मी उन्हाळ्यात गेले होते आणि नायगारा मी पाहिला नाही. हे सांगितलं की समोरच्याचा चेहरा पडतो. मग ही बाई तिकडे तीन महिने करत तरी काय होती, असा भाव त्याच्यावर उमटतो. म्हणून एकदाच काय ते लिहून टाकते, म्हणजे भाजीच्या पिशव्या हातात घेऊन रस्त्यात उभं राहून प्रत्येकाला सांगायला नको.

मी मुलींच्या शाळेत इतिहास शिकवला. ‘दोन महायुद्धांमधील जग’ हा धडा मला तोंडपाठ होता. त्यात जर्मनी, इटली आणि राष्ट्रसंघाला पानंच्या पानं आणि अमेरिकेला शेवटी एक परिच्छेद: अमेरिका जगापासून अलिप्त राहिली, तिने दारूबंदी केली, शेअर बाजार कोसळला, महामंदी आली, मग नवं सरकार आलं आणि गाडी रुळावर आली. मुली तो भाग ऑप्शनला टाकायच्या आणि मार्च तोंडावर आलेला असल्यामुळे मीही तो पळवतच शिकवायचे. त्या परिच्छेदात माणूस म्हणून एकही नव्हता. ती माणसं मला या उन्हाळ्यात भेटली.

नोव्हाय, जून

माझी धाकटी बहीण वैशाली डेट्रॉइटजवळच्या नोव्हाय गावात राहते. तिचा नवरा नितीन मोटारींच्या सुट्या भागांच्या कंपनीत इंजिनिअर आहे. गावात निम्मे पुरुष तेच करतात, त्यामुळे संध्याकाळी फिरायला निघालं की पुढून मराठी येतं, मागून तेलुगू येतं आणि मधूनमधून एखादा गोरा माणूस कुत्र्याच्या मागे पळताना दिसतो. वाण्याच्या दुकानात भडंगसुद्धा मिळतं. आमच्या जयसिंगपूरच्या भडंगाच्या पासंगालाही ते पुरणार नाही, पण मिळतं.

वैशालीला दोन मुली. थोरली इरा, भाद्रपदात एकवीस पूर्ण होणार. धाकटी सई तेरा वर्षांची. तिच्याशी मी मराठीत बोलते आणि ती मला इंग्रजीत उत्तर देते, आणि दोघींचंही काही अडत नाही.

पहिल्याच शनिवारी आम्ही एका घरी जेवायला गेलो. प्रत्येकीने एकेक पदार्थ करून आणलेला. ताटं भरेपर्यंत हवापाण्याच्या गप्पा झाल्या आणि मग एका काकूंनी वैशालीला विचारलं, “तुमची प्रायॉरिटी डेट कुठपर्यंत आली गं?”

आपल्याकडे लग्नाच्या मुलीच्या पत्रिकेची चौकशी होते, तशी तिथे या तारखेची होते. ग्रीनकार्डाच्या, म्हणजे कायमच्या वास्तव्याच्या परवान्याच्या रांगेत तुम्ही ज्या दिवशी उभे राहिलात ती ही तारीख. प्रत्येक देशाच्या वाट्याला दरवर्षी ठरावीकच परवाने येतात. देश लहान असो की भारताएवढा, वाटा सारखाच. त्यामुळे भारतात जन्मलेल्यांची रांग इतकी लांबली आहे की बाप रांगेत असतानाच मुलं मोठी होतात. आणि मूल एकवीस वर्षांचं झालं की बापाच्या नावावर त्याला रांगेत उभं राहता येत नाही. त्याला बाहेर काढतात.

“इराचं काय करणार?” काकूंनी पुढे विचारलं.

“ती कॅनडाला जातेय, मास्टर्सला,” वैशाली म्हणाली. इरा अजून बी.ए.सुद्धा झालेली नव्हती. काकूंना ते माहीत असावं, पण त्यांनी कोशिंबीर वाढून घेतली आणि विषय बदलला.

घरी आल्यावर मी इराला पकडलं. “काय गं, खरं काय ते सांग.”

“मावशी, इट्स सिंपल,” ती म्हणाली. “मी इथे स्टुडंट व्हिसावर राहू शकते. पण त्यासाठी मला सांगावं लागणार की माझा इथे राहायचा इरादा नाही, शिकून झालं की मी परत जाणार. परत कुठे? मी एक वर्षाची असताना इथे आले. मला नाही खोटं बोलायचं, यार.” मग मावशीला यार म्हटल्याचं लक्षात येऊन तिने जीभ चावली.

नदीपलीकडच्या कॅनडातल्या विंडसर गावात तिला प्रवेश मिळाला होता. तिथे म्हणे पुढे राहायची इच्छा आहे असं सरळ सांगितलं तरी चालतं. ऑगस्टअखेर जायचं. डेट्रॉइट ते विंडसर अंतर मिरज-सांगलीहूनही कमी. पण नितीन आणि वैशाली यांच्या पासपोर्टवरच्या व्हिसाच्या शिक्क्यांची मुदत संपलेली, एकदा बाहेर गेले की परत आत घेतील याची खात्री नाही, आणि वकिलाने सांगितलं होतं, सध्याचे दिवस बरे नाहीत, देशाबाहेर पाऊल टाकू नका. म्हणजे मुलगी नदीच्या पलीकडे आणि आईबाप अलीकडे. किती वर्षं, ते कोणालाच सांगता येईना.

सईचं तसं नव्हतं. ती नोव्हायच्या दवाखान्यात जन्मली, म्हणून ती अमेरिकन नागरिक. इरा जन्मली मिरजेत, आमच्या घरी, कारण पहिलं बाळंतपण माहेरी करायचं असतं. सातव्या महिन्यात वैशाली तिकडून आली तेव्हा तिला कोणी बोलावणं पाठवलं नव्हतं की कोणी आग्रह केला नव्हता. पाऊस पडला की छत्री उघडावी, इतकं ते साहजिक होतं. सईच्या वेळी आमची आई उरली नव्हती, म्हणून वैशाली तिथेच राहिली. एका बहिणीला आजी मिळाली आणि दुसरीला देश मिळाला.

वैशाली हे कधी बोलत नसे. पण इराचे कपडे बॅगेत भरताना मध्येच थांबून ती म्हणाली, “ताई, मी आले नसते तर?” मी म्हटलं, “आता हा वेडेपणा पुरे.” पण तो वेडेपणा नव्हता.

डेट्रॉइट, जुलै

इराला पगार घेऊन काम करायची परवानगी नाही, म्हणून ती डेट्रॉइटच्या कलासंग्रहालयात बिनपगारी वाट दाखवायचं काम करायची. एका रविवारी ती आम्हा सगळ्यांना घेऊन गेली.

आतल्या चौकाच्या चारही भिंतींवर, खालपासून वरपर्यंत, मोटारीचा कारखाना रंगवलेला आहे. भट्ट्या, पट्टे, इंजिनं आणि त्यांच्यात वाकलेली, रेललेली, ओढणारी माणसं. देवळाच्या सभामंडपात शिरल्यासारखं मला वाटलं, फक्त देवाच्या जागी यंत्र. एका कोपऱ्यात लस टोचून घेणारं बाळ आहे. ते येशूच्या जन्माच्या चित्रासारखं दिसतं म्हणून त्या काळी गावात गदारोळ उठला, भिंती धुऊन काढा अशी मागणी झाली. धर्म बुडतो तो नेहमी चित्रानेच, कारखान्यातून माणसं काढल्याने बुडत नाही. हे आपल्याकडेही तसंच आहे.

मग इरा शिकवू लागली आणि मी, जन्मभर खडू धरलेली बाई, मुकाट्याने ऐकू लागले. पहिल्या महायुद्धानंतर अमेरिकेला परक्या माणसांची भीती वाटू लागली. वीसच्या दशकात कायदा झाला: कोणत्या देशाची किती माणसं येऊ द्यायची ते ठरलं, आशियातल्यांना तर जवळजवळ दारच बंद झालं. जे हिंदी लोक आधी येऊन नागरिक झाले होते, त्यांच्याविषयी तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की हे काही गोरे नव्हेत, आणि दिलेलं नागरिकत्व काढून घेतलं. काळ्यांचा आणि परक्यांचा द्वेष करणाऱ्या, चेहऱ्यावरून पांढऱ्या टोप्या ओढलेल्या लोकांच्या मिरवणुका याच शहरात निघत आणि त्यांचा माणूस महापौर होता होता राहिला.

“हे आमच्या धड्यात नव्हतं,” मी म्हटलं.

“आमच्याही टेक्स्टबुकमध्ये वन पॅराग्राफच होता, मावशी,” इरा म्हणाली.

तो कायदा पुढे बदलला. पण माणसाला त्याच्या जन्मगावावरून रांगेत उभं करायची सवय राहिली ती राहिलीच. ते ऐकताना वैशाली भिंतीकडे बघत नव्हती, इराच्या बोलणाऱ्या तोंडाकडे बघत होती.

चौकातल्या बाकावर एक वृद्ध बाई बसली होती, काठी मांडीवर आडवी ठेवून. इराने तिला मिठी मारली. “ही मिस एलेना. पंधरवड्यातून एकदा येते, याच भिंतीसमोर बसते.” एलेनाबाई अठ्ठ्याहत्तरच्या, ठेंगण्या, ओठांना लाल रंग लावलेल्या. त्यांचे आजोबा या चित्रातल्यासारख्याच भट्टीवर कामाला होते. युरोपातून माणसं येणं कायद्याने थांबवल्यावर कारखान्यांना हात कमी पडले, म्हणून मेक्सिकोतून बोलावले, त्यांतले ते एक.

“यातले तुमचे आजोबा कोणते?” मी विचारलं. इराने माझं इंग्रजी थोडं सरळ करून पुढे दिलं.

“कोणी नाही,” एलेनाबाई म्हणाल्या. “तो चित्रकार आमच्याच देशाचा होता. तो वर चढून इथे कामगार रंगवत होता, तेव्हा खाली स्टेशनात त्याच कामगारांना मेक्सिकोच्या गाडीत बसवत होते. आणि जा म्हणून सांगणाऱ्यांत तोही होता. तिकडे जमीन मिळेल, असं त्याला वाटलं. पुढे म्हणे वाईट वाटलं त्याला.” मग त्या उठल्या आणि आम्हाला पुढच्या रविवारी जेवायला बोलावून मोकळ्या झाल्या. नोव्हायमध्ये जेवायला जायचं तर महिनाभर आधी मेसेज पाठवायचे असतात. हे आमच्या गावासारखं झालं.

एलेनाबाईंचं घर

डेट्रॉइटच्या नैऋत्येला मेक्सिकन वस्ती आहे. लाकडी घरं, पुढे ओसरी, ओसरीवर खुर्च्या आणि खुर्च्यांवर खरोखरच बसलेली माणसं. नोव्हायमध्ये घरांना ओसऱ्या असतात, माणसं आत असतात.

मी शाकाहारी असल्याचं इराने आधी कळवलं होतं. एलेनाबाईंनी मक्याच्या पिठात चीज आणि मिरच्या भरून, मक्याच्या कणसाच्या सालात गुंडाळून वाफवलेले तमाले केले होते. दिसायला थेट कोकणातल्या पातोळ्या. मी मोठ्या आत्मविश्वासाने सालासकट चावा घेतला. ते चामड्यासारखं साल मी चावते आहे, चावते आहे, आणि थुंकावं तर यजमानांसमोर कसं, म्हणून गिळायच्या बेतात आहे, तेवढ्यात सई ओरडली, “मावशी, यू डोन्ट ईट दॅट!” एलेनाबाई इतक्या हसल्या की त्यांची काठी खाली पडली. त्यानंतर आमची भीड चेपली.

जेवण झाल्यावर त्यांनी आईची गोष्ट सांगितली. मंदी आली, भट्ट्या विझल्या. शहराच्या मदतीवर जगणाऱ्या मेक्सिकन कुटुंबांकडे अधिकारी येऊ लागले. बोलणं गोड होतं: तुमच्या देशात जा, तिकीट आम्ही देतो, कोणी जबरदस्ती करत नाही. पण नाही म्हटलं की धान्य बंद व्हायची धास्ती होती. आजोबांनी हो म्हटलं. एलेनाबाईंची आई तेव्हा दुसरीत होती.

वैशाली एकदम म्हणाली, “मग त्या तरी मेक्सिकोत जन्मल्या असतील. माझ्या इराला जावं लागतंय ते माझ्यामुळे. मी इथेच राहिले असते तर ती अमेरिकन झाली असती. मी आईकडे गेले. आमच्यात तशी पद्धत असते, पहिल्या वेळी मुलगी आईकडे जाते. शी वॉज बॉर्न देअर बिकॉज ऑफ मी.”

“आई, स्टॉप,” इरा म्हणाली.

एलेनाबाईंनी खिडकीकडे बोट केलं. “ते कोपऱ्यावरचं हिरवं घर दिसतं? माझी आई तिथे जन्मली.”

आम्ही सगळे त्या हिरव्या घराकडे बघत राहिलो.

“ती अमेरिकन होती. जन्माचा दाखला होता तिच्याकडे,” त्या म्हणाल्या. “शाळेत इंग्रजी बोलायची, स्पॅनिश तिला धड येत नव्हती. स्टेशनवर दाखला कोणी विचारलाच नाही. आईबाप निघाले, म्हणून पोरंही निघाली. तिकडच्या गावात मुलं तिला अमेरिकन म्हणून चिडवायची. पुढे दुसरं युद्ध आलं, इथे पुन्हा माणसं कमी पडली, तेव्हा ती आली. मग मरेपर्यंत आपण बसलोय त्याच घरात राहिली. पण मागच्या अंगणात तिने कधी झाड लावलं नाही. टोमॅटो, मिरच्या, वर्षाच्या आत हाताला येईल तेवढंच. पेअरचं झाड मी लावलं, ती गेल्यावर.”

मी इतकी वर्षं महामंदी शिकवली, कारणं आणि परिणाम, मुद्देसूद. टोमॅटो आणि मिरच्या हा परिणाम माझ्या कोणत्याही मुद्द्यात बसत नव्हता. मला त्या बाईसमोर रडू येत होतं आणि मी ते येऊ दिलं.

एलेनाबाई वैशालीकडे वळल्या. “तुझ्या आईने तुला काय काय खाऊ घातलं, त्या वेळी?”

वैशाली गोंधळली. मग सांगू लागली: डिंकाचे लाडू, आळिवाची खीर, तूप घातलेला मऊ भात. डिंक आणि आळीव म्हणजे काय, ते इंग्रजीत सांगताना तिची तारांबळ उडाली. आई पहाटे उठून बाळाला शेक द्यायची, वैशालीच्या कमरेला तेल लावायची आणि सुनेला लावावं तसं नाही, लेकीला लावावं तसं जोर काढून लावायची.

“ते ठेव तुझ्याजवळ,” एलेनाबाई म्हणाल्या. “ते तरी कोणी परत मागणार नाही. आणि इथे जन्मली असती तर वाचली असती, हे मला नको सांगूस. मला ते पटणार नाही.”

नितीन उठून भांडी घासायला लागला. परत येताना गाडीत वैशाली झोपली. कित्येक आठवड्यांत ती दिवसा झोपली नव्हती.

नदीकाठ, ऑगस्ट

जायचा दिवस आला तसा एक पेच उभा राहिला. इराला पलीकडे सोडणार कोण? माझ्याकडे कॅनडाचा व्हिसा नव्हता. ओळखीच्यांत बहुतेक सगळे रांगेतले, आमच्यासारखेच बिचकणारे. ज्यांचं ग्रीनकार्ड झालं होतं, त्या काकांना नेमकं त्या दिवशी काम निघालं. आपली माणसं वाईट नसतात, पण इतकी वर्षं रांगेत काढली की रांगेतून सुटलेला माणूसही मागे वळून बघायला घाबरतो.

एलेनाबाईंचा फोन आला. “मी सोडते तिला. माझ्याकडे गाडी आहे आणि पासपोर्टही.” अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या बाईच्या हाती पोर द्यायची म्हणून नितीन का-कू करू लागला. वैशाली म्हणाली, “त्याच सोडतील.” सईनेही जायचा हट्ट धरला. तिच्याकडेही अमेरिकेचा निळा पासपोर्ट होता, तिला कोण अडवणार?

निघताना वैशालीने इराच्या हातावर दही घातलं. मी तिची ओटी भरायला नारळ काढला होता, पण सीमेवर फळ चालत नाही म्हणून इराने तो हळूच माझ्याच पिशवीत परत ठेवला. मला राग आला. इरावर नाही, नारळाला घाबरणाऱ्या त्या सीमेवर. इराने वाकून तिघांना नमस्कार केला. नितीनला तिला काही सांगायचं होतं, पण तो गाडीच्या टायरमधली हवा तपासत राहिला. एलेनाबाईंनी आरशात बघून ओठांना लाल रंग लावला आणि गाडी पुलाच्या दिशेने निघाली.

आम्ही तिघं नदीकाठच्या कठड्याशी येऊन उभे राहिलो. नदी रुंद नाही. पलीकडची माणसं ओळखू येत नाहीत, पण चालताना दिसतात. दारूबंदीच्या काळात नदी गोठली की रात्री बर्फावरून मोटारी हाकत पलीकडची दारू अलीकडे आणत, असं इराने सांगितलं होतं. सरकारला नको असलेली वस्तू बिनबोभाट येत होती, आणि त्याच सुमारास सरकारला नको असलेली माणसं गाडीत बसवून दिली जात होती. शेजारी एक आजोबा गळ टाकून बसले होते. त्यांना मासा काही मिळत नव्हता.

बऱ्याच वेळाने वैशालीचा फोन वाजला. तिने तो आम्हालाही ऐकू येईल असा धरला.

“आई, पोचले. रूम छोटी आहे, बट इट्स ओके.”

“त्यांनी काय विचारलं गं? काही त्रास दिला का?”

“नाही. त्या ऑफिसरने विचारलं, नंतर काय प्लॅन आहे? मी म्हटलं, मला इथे राहायचंय. आई, मी खरं सांगितलं आणि तो म्हणाला, वेलकम. मला तिथेच रडायला आलं. मला हे त्यांच्याकडून ऐकायचंच नव्हतं. मला तुमच्याकडच्या ऑफिसरकडून ऐकायचं होतं.”

वैशाली म्हणाली, “हो गं बाळा.” नितीनने कठड्यावर दोन्ही हात टेकले आणि मान खाली घातली. माझ्या बहिणीचा नवरा मी इतकी वर्षं पाहते आहे. त्याला रडताना मी त्या दिवशी पाहिलं.

ऊन कलल्यावर एलेनाबाईंची गाडी परत आली आणि आमच्यासमोर थांबली. वैशाली पुढे झाली, तिने मागचं दार उघडलं. सई उतरली. वैशाली दार धरून तशीच उभी राहिली, वाकून आत बघत, शाळा सुटल्यावर दोघींना घ्यायला जायची तेव्हा उभी राहत असेल तशी.

सईने तिच्या हातातून दार सोडवून घेतलं. ती पोर, जिने उन्हाळाभर माझ्याशी मराठीत एक वाक्य पुरं केलं नव्हतं, आईच्या गळ्यात पडून म्हणाली, “आई, मी एकटीच आहे.”